जर्सी होमस्टेड्स : शिंप्यांनी वसवलेल्या गावाचा इतिहास

न्यू जर्सी राज्यातील हाइट्सटाउनहून आग्नेयेस चार-पाच मैल गेले म्हणजे शेते आणि रान यांच्या वेढ्यात रूझवेल्ट नावाचे एक लहानसे गाव लागते, आणि त्या गावातून जाणाऱ्या हमरस्त्याचे नाव रॉचडेल मार्ग असे आहे. सहकाराच्या चळवळीशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांना या नावाची ओळख करून द्यावयास नको. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल गावच्या २८ कामकऱ्यांनी, ज्यांत विणकर बरेच होते, आपापल्या तुटपुंज्या शिलकेतून भांडवल उभारून जे किराणा दुकान मांडले, त्या दुकानाच्या नियमांवर पुढे जगभरच्या सहकारी संस्थांची घटना बेतली गेली. तथापि जेमतेम ८०० वस्तीच्या एका अमेरिकन गावाने हे नाव आपल्या मुख्य रस्त्याला कोणत्या आशेने दिले असेल, हा विचार त्या रस्त्याने मोटार हाकीत जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात आला असेल.

मंडळाच्या या स्मरणिकेत आपल्या स्वतःच्या संस्थेचा वृत्तांत अन्यत्र सविस्तर आलेला आहे. संपादकांनी मजकडे लेख मागितला तेव्हा, ज्या मुलखात आपण येऊन स्थायिक झालो त्याच मुलखात आपल्या कितीतरी आधी येऊन, आपल्याप्रमाणेच परकी जिव्हा आणि शहरी हात यांच्या बळावर ज्यांनी एक संस्था उभी केली, तिचा इतिहास या पानांत यावा असे मला मनापासून वाटले. ती संस्था म्हणजे जर्सी होमस्टेड्स ही सहकारी वसाहत. रूझवेल्ट हे तिचे मागाहून पडलेले नाव. तिची सामुदायिक शेती बुडाली, तिचा कारखानाही बुडाला, आणि हे सारे अवघ्या चार-पाच वर्षांत घडले. असे असूनही तिच्या संस्थापकांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो तिचा सगळा जमाखर्च पाहिल्यावरही कमी झालेला नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा रोखेबाजार कोसळला आणि पुढील तीन-साडेतीन वर्षांत अमेरिकेतील व्यापारउदीम इतका खालावला की, १९३३ साली दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता. न्यूयॉर्कच्या तयार कपड्यांच्या धंद्यात बेकारीला मंदीचेच निमित्त लागत असे असेही नाही. तो धंदा मुळातच हंगामी. हिवाळी कोटांच्या आणि वसंतातील पोशाखांच्या मागणीच्या दिवसांत रात्रीचा दिवस करावा, आणि हंगाम सरला म्हणजे पुढची मागणी येईपर्यंत आठवडेच्या आठवडे हात बांधून बसावे, असा त्याचा क्रम होता. या धंद्यातील कारागीर बहुतांशी पूर्व युरोपातून आलेले यिद्दिशभाषी यहुदी होते. कोंदट माड्यांवर, सुईदोऱ्यावर आणि शिवणयंत्रावर त्यांची एक पिढी झिजली होती. १९११ च्या मार्च महिन्यात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जीव गेले, त्यांत तरुण मुलींचाच भरणा अधिक; त्या दिवसापासून या लोकांच्या कामगार संघटनेला जी धार आली ती पुढे कायम राहिली. मंदीने त्या संघटनेच्या सभासदांची चूलही थंड केली.

आपल्याकडे त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांवर संकट आले, तेव्हा पाळी बंद झालेला रत्नागिरीकडचा कामगार वळकटी बांधून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाई. तेथे भाताचे दोन कुणगे, नाचणीचा वरकस तुकडा आणि वडीलधाऱ्यांचे घर एवढे तरी त्याच्या पाठीशी असे. न्यूयॉर्कच्या शिंप्याला परत जावयास गावच नव्हते. ज्या रशियन साम्राज्यातून तो आला होता तेथे १८८२ च्या फर्मानांनी यहुद्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करण्यास व जमीन खरेदी करण्यास मनाई केली होती. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल समाज, ज्याला गावकरी शनवार तेली म्हणत, तो तेलाचे घाणे चालवीत आणि जमीन कसत शतकानुशतके इतर रयतेबरोबर निर्वेधपणे नांदला; हे भाग्य त्यांच्या युरोपातील धर्मबांधवांच्या वाट्यास क्वचितच आले. तेव्हा या शिंप्यांना शेतीची जी ओढ लागली ती शहराला विटलेल्या माणसाची हौस नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीची कायद्यानेच बंदी होती, ती गोष्ट एकदा आपल्या नावावर व्हावी, ही त्या ओढीमागची खरी तळमळ होती असे मला वाटते.

या तळमळीला योजनेचे रूप देणारा गृहस्थ म्हणजे बेंजामिन ब्राउन. युक्रेनमधून तरुणपणी अमेरिकेत आलेल्या या माणसाने पेनसिल्व्हेनियात फेरीचा धंदा केला, शेतावर राबून आणि शेतकी शाळेत जाऊन शेती शिकून घेतली, आणि १९११ मध्ये फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथील यहुदी कामकऱ्यांना बरोबर घेऊन दूर पश्चिमेस, यूटा राज्यातील गनिसन गावाजवळ, क्लॅरियन नावाची वसाहत स्थापन केली. सुमारे ६,००० एकर सरकारी जमीन घेतली होती. परंतु ती चोपण निघाली, कालव्याचे पाणी वेळेवर मिळेना, भांडवल आधीच तोकडे, आणि पाचएक वर्षांत वसाहतीचे दिवाळे वाजून जमिनीचा लिलाव झाला. बहुतेक लोक शहरांकडे परतले. ब्राउन मात्र यूटातच राहिला, आणि तेथल्या मॉर्मन शेतकऱ्यांच्या साहाय्याने त्याने कोंबड्या पाळणाऱ्यांचा सहकारी संघ उभारला, ज्या संघाची अंडी पुढे हजारो मैलांवरच्या न्यूयॉर्कच्या बाजारात विकली जाऊ लागली. एकदा हात पोळल्यानंतर त्याच कामात पुन्हा हात घालणारी माणसे सार्वजनिक जीवनात विरळा. आणि पोळल्याने जे शिकावयाचे ते शिकून हात घालणारी तर त्याहून विरळा. क्लॅरियनने ब्राउनला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. शहरी माणसाला केवळ शेतीवर सोडू नये, ही एक. आणि बाजारपेठेपासून दूर वसू नये, ही दुसरी.

१९३३ च्या मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदी आले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात संमत झालेल्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुज्जीवन कायद्याच्या २०८ व्या कलमाने, शहरांत दाटलेली जास्तीची वस्ती जमिनीवर नेऊन वसवण्यासाठी अडीच कोटी डॉलरांची तरतूद झाली. अंतर्गत कारभार खात्याखाली यासाठी स्वतंत्र शाखा निघाली, आणि त्या शाखेच्या द्वारे देशभर तीसहून अधिक वसाहती हाती घेण्यात आल्या. बहुतेक ठिकाणी कल्पना एवढीच होती की, कामकऱ्याला घर आणि घरामागे भाजीपाल्यापुरती जमीन द्यावी. ब्राउनने पुढे ठेवलेली योजना याहून पुष्कळ धाडसी होती. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या मधोमध जमीन घ्यावी. शिवणकाम जाणणारी २०० कुटुंबे निवडावी. प्रत्येक कुटुंबाने ५०० डॉलर भांडवल म्हणून भरावे. आणि मग एक कपड्यांचा कारखाना, एक शेती आणि एक दुकान अशा तिन्ही संस्था सहकारी तत्त्वावर चालवून, कारखान्याचा हंगाम सरला म्हणजे त्याच हातांना शेतात काम द्यावे आणि शेतातील माल प्रथम आपल्याच दुकानात विकावा. तिपाईचे तीन पाय एकमेकांना तोलतात तशी ही रचना होती, आणि पुढे कारखान्याच्या मालाला या लोकांनी ‘ट्रायपॉड’, म्हणजे तिपाई, हीच खूण दिली. १९३३ च्या डिसेंबरात योजनेला सरकारी मंजुरी मिळाली व ५ लाख डॉलरांचे कर्ज ठरले.

यापुढील अडीच वर्षांचा वृत्तांत हा माझ्या मते या संस्थेच्या इतिहासाचा कळीचा भाग आहे, आणि म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. ज्या काळात ५०० डॉलर ही मध्यम कामकऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईची रक्कम होती, आणि ती कमाईही अनेकांची थांबलेली होती, त्या काळात माणसांनी आयुष्यभराची पुंजी या योजनेत घातली. मॉनमथ परगण्यात सुमारे १,२०० एकर जमीन खरेदी झाली. सभासद रविवारी तेथे येऊन, जेथे अजून एक वीटही रचली नव्हती त्या माळावर आपले घर कोठे येईल, शाळा कोठे येईल याच्या खुणा एकमेकांना दाखवीत असतील, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे वारंवार उभे राहते. पण घर काही उभे राहीना. १९३४ च्या मे महिन्यात अंतर्गत कारभार मंत्री हॅरल्ड इक्स यांनी या सर्व वसाहतींची सूत्रे स्थानिक मंडळांच्या हातून काढून वॉशिंग्टनकडे घेतली. सरकारी पैशाचा हिशेब चोख राहावा हा त्यांचा हेतू प्रामाणिक असेल, आणि इक्स यांच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांच्या विरोधकांनीही शंका घेतली नाही. परंतु त्या एका हुकमाने ज्या संस्थेचे सभासद मालक व्हावयाचे होते, ते सभासद अर्जदार झाले. कोणते झाड कोठे लावावे येथपासून प्रत्येक प्रश्नाची कागदपत्रे राजधानीला जाऊन शेरे मारून परत यावयाची, आणि तोवर येथे हंगाम निघून जावयाचा.

दुसरी अडचण अनपेक्षित दिशेने आली. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड डुबिन्स्की यांनी या कारखान्याला विरोध केला. संघटनेचा वचक चुकवण्यासाठी मालकांनी कारखाने शहराबाहेर नेणे ही त्या धंद्यातील जुनी दुखरी बाब होती, आणि सरकारच्याच पैशाने एक कारखाना न्यूयॉर्कबाहेर निघाला तर शहरात उरलेल्या सभासदांच्या पोटावर पाय येईल, अशी त्यांची भीती होती. ती भीती निराधार म्हणता येत नाही. जे लोक संघटनेचेच निष्ठावंत सभासद होते त्यांच्याच मार्गात त्यांच्या नेत्याला उभे राहावे लागले, यात दोषापेक्षा दुःखच अधिक आहे. अखेर वाटाघाटी होऊन हा विरोध मावळला. १९३३ पासून जवळच्याच प्रिन्स्टन येथे येऊन राहिलेले आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीही योजनेला आपल्या नावाचे बळ दिले.

१९३५ मध्ये वसाहतींचे काम रेक्सफर्ड टगवेल यांच्या अधिपत्याखालील नव्या पुनर्वसन खात्याकडे गेले, आणि नव्या अंमलदारांनी नवे प्रयोग आरंभिले. घरांसाठी सिमेंटच्या अखंड ओतीव भिंती जागेवरच तयार करण्याचा घाट घालण्यात आला. तो फसला आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. शेवटी आल्फ्रेड कास्टनर या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे साध्या सिमेंटच्या ठोकळ्यांची, सपाट छपरांची, मोठ्या खिडक्यांची २०० घरे उभी राहिली. प्रत्येक घराभोवती सुमारे अर्धा एकर मोकळी जागा, आणि मागच्या अंगाला सामाईक रान. कास्टनरच्या हाताखाली या कामावर लुई कान हा तरुण होता, ज्याने पुढे अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेची वास्तू उभारली. त्या विटांच्या कमानी पाहिलेल्या वाचकाने या गावातील घरे अवश्य पाहावीत. खर्च मात्र मूळ कर्जाच्या कित्येक पट झाला, आणि वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. त्या खर्चाचा बोल वसाहतकऱ्यांना लागला, ज्यांच्या संमतीने त्यातील एक डॉलरही खर्च झाला नव्हता.

१९३६ च्या जुलैत पहिली मोजकी कुटुंबे राहावयास आली आणि ऑगस्टच्या आरंभी कारखान्याचे उद्घाटन झाले. ज्यांचा जन्म माडीवरच्या खोल्यांत गेला त्यांनी आपल्या मुलांना पहिल्यांदाच उघड्या अंगणात सोडले. १९३७ च्या मे महिन्यात गाव स्वतंत्र नगरपालिका म्हणून नोंदले गेले. सभांतून यिद्दिशमध्ये वादविवाद चालत. घरातले सारे वाङ्मय शहरातले, देवघेव शहरातली, आणि दाराबाहेर मात्र कणीस धरलेला मका आणि खुराड्यातील कोंबड्या.

आता शेतीचे पाहू. शेतकी संघाकडे भाजीपाला व फळे, दूधदुभते आणि कुक्कुटपालन अशी तिन्ही कामे होती, आणि प्रत्येक कुटुंबाचा त्यात भाग होता. जमीन वाईट नव्हती. शेजारचे शेतकरी याच वालुकामिश्रित मातीत बटाट्याची उत्तम पिके घेत होते. उणीव होती ती कसणाऱ्याची. हिवाळी कोटांचे शिवणकाम उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सर्वांत जोरात असते, आणि नेमके तेच दिवस शेतमाल काढून बाजारात नेण्याचे. आणि कारखान्यातील हात जेव्हा मोकळे होत, तेव्हा जमीन बर्फाखाली असे. दोन धंदे एकमेकांच्या रिकाम्या वेळा भरून काढतील हे कागदावर जितके सरळ दिसत होते तितके ते पंचांगात नव्हते. शिवाय संघटनेने झगडून मिळवलेली सुईची मजुरी आणि कोणत्याही मुलखातील नांगराची मजुरी यांत जे अंतर असते ते येथेही होते. तेव्हा ज्याच्या बोटांत वीस-पंचवीस वर्षांचे कसब होते त्याने ते बाजूला ठेवून कमी दामावर कांदे निंदावेत, ही अपेक्षाच फार मोठी होती. परिणाम असा झाला की, २०० कुटुंबांच्या मालकीच्या शेतात राबणारे हात मूठभर राहिले, आणि बाकीचे भागीदार वार्षिक सभेत नफातोट्याचे पत्रक ऐकणारे झाले. दर वर्षी ते पत्रक तोट्याचेच निघे.

खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या अपयशाचे मर्म चटकन उमगेल. तेथे बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा, पाणी वाटणारा पाटकरी सर्वांनी नेमलेला आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे तेही सर्वांनी मिळून ठरवलेले; पण फडातील पट्टा ज्याचा त्याचा, आणि त्यातल्या पिकाची चिंता करणारा माणूसही एकच. पहाटे उठून बांधावर जाणारा असा एक तरी माणूस प्रत्येक तुकड्याला होता. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची रचनाही याच जातीची. ऊस प्रत्येकाच्या शेतात प्रत्येकाने वाढवावा आणि गाळप मात्र सर्वांच्या मालकीच्या कारखान्यात व्हावे, या पायावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला व १९५०–५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. त्यालाही सरकारचे साहाय्य मिळाले होते. परंतु भाग गोळा करण्यासाठी विखे पाटील गावोगाव फिरले, आणि कारखाना कोठे बसवावा, केव्हा सुरू करावा हे ठरवणारी माणसे लोणीच्या पंचक्रोशीतच होती. जर्सी होमस्टेड्सच्या सभासदांनी भाग भरले, आणि निर्णय दुसऱ्याच गावी झाले. माझ्या मते या संस्थेच्या मरणाचे पहिले कारण हेच आहे, आणि शिंप्यांना शेती येत नव्हती हे कारण फार खालचे.

या मताला एक आक्षेप संभवतो आणि तो मी टाळीत नाही. त्याच १९३३ साली जोसेफ कोहेन या यिद्दिश संपादकाच्या पुढाकाराने अशीच शहरी यहुदी कुटुंबे मिशिगन राज्यात सॅगिनॉजवळ ‘सनराइज’ नावाच्या वसाहतीत गेली होती. जमीन अफाट, प्रत्येक कुटुंबाची वर्गणी तेथेही ५०० डॉलरच, आणि आरंभी सरकारचा काही संबंध नाही. सारा कारभार सभासदांच्या हाती. तीही वसाहत तीन वर्षांत मोडली. तेथे पाऊसपाण्याने छळले, आणि त्याहून अधिक छळले ते अंतर्गत तंट्यांनी. तेव्हा स्वायत्तता मिळाली म्हणजे यश मिळालेच असे कोणी म्हणू नये. पण सनराइजचे लोक निदान आपल्या स्वतःच्या चुकांनी बुडाले, आणि स्वतःच्या चुकांतून माणूस शिकतो, जसा ब्राउन क्लॅरियनमधून शिकला होता. दुसऱ्याच्या हुकमाने झालेल्या चुकीतून शिकावयास काहीच उरत नाही.

कारखान्याचा शेवट आधी झाला. पहिला हंगाम उशिरा सुरू झाल्याने गेला. पुढे माल विकण्याची यंत्रणा कधीच नीट बसली नाही. वसाहतीत सगळी घरे भरली नाहीत तोवर कारखान्याला पुरेसे हात नव्हते, आणि कारखान्यात पुरेसे काम नाही म्हणून नवी कुटुंबे यावयास धजत नव्हती. १९३९ मध्ये तो बंद पडला, इमारत एका खाजगी टोप्यांच्या कारखानदाराला भाड्याने गेली. पाठोपाठ शेतकी संघाचाही गाशा गुंडाळला गेला. कित्येक कुटुंबप्रमुख पहाटेची गाडी धरून पुन्हा न्यूयॉर्कच्या शिवणखान्यांत जाऊ लागले. ज्या शहरापासून सुटका करून घ्यावयाची होती तेथेच रोज जाणे नशिबी आले. पण संध्याकाळी परत यावयास आता त्यांना गाव होते.

आणि गाव टिकले. वसाहतकऱ्यांपैकी अनेकांनी तेथून पाय काढला नाही, आणि महायुद्धानंतर सरकारने घरे विक्रीस काढली तेव्हा रहिवाशांनी ती आपल्या नावावर करून घेतली. १९४५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट निवर्तले; त्याच वर्षाच्या अखेरीस गावाने आपले जुने नाव सोडून त्यांचे नाव धारण केले. ज्या सरकारच्या दिरंगाईने संस्था बुडाली त्याच सरकारच्या प्रमुखाविषयी ही कृतज्ञता कशी, असे कोणी विचारील. मला त्यात विसंगती दिसत नाही. आपल्याला गाव मिळाले, हे त्या लोकांनी ध्यानात ठेवले.

ज्या चित्रकाराने या साऱ्याची साक्ष भिंतीवर लिहून ठेवली, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. बेन शान हा स्वतः लिथुआनियातून लहानपणी आलेला यहुदी. मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा याच्या हाताखाली त्याने भित्तिचित्राचे काम केले होते. १९३७–३८ मध्ये त्याने वसाहतीच्या शाळेत ओल्या गिलाव्यावर सुमारे ४५ फूट लांब आणि १२ फूट उंच असे एक चित्र रंगवले. डाव्या बाजूस बोटीवरून उतरणारे निर्वासित असून त्यांच्या अग्रभागी आइन्स्टाइन आहेत. जवळच अमेरिकेत देहदंड झालेले इटालियन कामकरी साको आणि वांझेत्ती यांच्या शवपेट्या. मध्यभागी कोंदट शिवणखाने, आणि कामगारांपुढे उभा राहून बोलणारा पुढारी. उजव्या टोकाला मेजाभोवती बसून वसाहतीचा नकाशा न्याहाळणारी माणसे, आणि त्या नकाशापलीकडे घरे. चित्रे पुष्कळ पाहिली, पण एखाद्या संस्थेची घटना आणि तिची व्यथा एकाच भिंतीवर इतक्या निःसंदिग्धपणे मांडलेली माझ्या पाहण्यात दुसरी नाही. चित्र पुरे झाल्यावर शान याच गावात येऊन राहिला आणि १९६९ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत येथेच राहिला. त्याच्या मागोमाग इतर चित्रकार, छायाचित्रकार व लेखक आले, आणि शिंप्यांच्या गावाला कलावंतांचे गाव म्हणून लौकिक मिळाला. १९६२ मध्ये शानचा मुलगा जोनाथन याने घडवलेला रूझवेल्ट यांचा पुतळा येथे उभारण्यात आला, तेव्हा एलिनॉर रूझवेल्ट समारंभास उपस्थित होत्या. १९८३ मध्ये संपूर्ण गावाची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय दप्तरात झाली.

आपल्या मंडळाचे पुष्कळसे सभासद प्लेन्सबरो, ईस्ट विंडसर आणि हाइट्सटाउन या भागांत राहतात, म्हणजे या गावापासून फार तर अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन रॉचडेल मार्गाने पायी चालून यावे, सपाट छपरांची घरे पाहावीत, आणि शाळेची आगाऊ परवानगी काढून ते चित्र पाहावे. शाळा अद्याप चालू आहे. गावातील लहान मुले रोज त्या चित्रासमोरून आपल्या वर्गात जातात.